विश्लेषण : यवत, शिरूर ओलांडलं की गाडीतला रेडिओ का खरखरतो? महामार्गासाठी वेगळा रेडिओ शक्य आहे का?

पुण्याहून सोलापूरच्या दिशेनं निघालात की हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत गाडीतला एफएम व्यवस्थित वाजतो. यवत मागे पडतं आणि गाण्याच्या मध्येच 'खर्रर्र' सुरू होतं. पाटसच्या टोलनाक्यापर्यंत तुम्ही वैतागून ब्लूटूथ लावलेलं असतं. नगर रस्त्यावरही तेच. वाघोली, शिक्रापूरपर्यंत आवाज स्वच्छ, रांजणगावच्या पुढे तो येतो-जातो आणि शिरूरला घोडनदीच्या पुलावर तर दोन वेगवेगळी स्टेशनं एकमेकांच्या अंगावर बोलायला लागतात.

गाणं तुटलं तर फार काही बिघडत नाही, फोनमध्ये हजार गाणी असतात. पण पुढे वाहतूक वळवली आहे, उसाची ट्रॉली उलटली आहे, धुकं उतरलं आहे किंवा केमिकलचा टँकर रस्त्यात आडवा आहे, हे चालत्या गाडीतल्या माणसाला कोण सांगणार? अमेरिकेतल्या एका वाळवंटी महामार्गानं या प्रश्नाचं उत्तर १९८० मध्येच शोधलं होतं. फक्त वाटसरूंसाठी चालणारी रेडिओ स्टेशनं तिथे उभी राहिली आणि त्यात रॉक संगीताचंही एक स्टेशन होतं. ती कशी चालली आणि शिरूर-दौंडच्या पट्ट्यात असं काही होऊ शकतं का, ते पाहू.

थोडक्यात :
• एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. त्यामुळे शहर सुटलं की स्टेशनही सुटतं.
• आपल्याकडे खासगी रेडिओचा परवाना शहरासाठी मिळतो आणि सामुदायिक रेडिओचा स्थानिक समुदायासाठी. रस्त्यावरचा प्रवासी या दोन्हींत बसत नाही.
• वाहतूक आणि हवामानाची माहिती द्यायला मात्र कायद्याची आडकाठी नाही.

आवाज नेमका कुठे आणि का तुटतो?

एफएम प्रसारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात होतं. या लहरींची लांबी साधारण तीन मीटर असते. त्या जमिनीच्या वळणाबरोबर फार वळत नाहीत. बॅटरीच्या झोताप्रमाणे त्या साधारण सरळ जातात आणि मध्ये डोंगर आला की त्यामागे सावली पडते.

मनोरा जितका उंच, तितकं त्याला लांबचं 'दिसतं'. याचं एक सोपं गणित आहे. मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ४.१२ नं गुणायचं. अँटेना १०० मीटर उंचीवर असेल तर उत्तर येतं सुमारे ४१ किलोमीटर. तुमच्या गाडीची अँटेना दीड मीटरवर आहे, तिचे आणखी पाच किलोमीटर धरा. म्हणजे एकूण ४६ किलोमीटर. पुण्याहून यवत रस्त्यानं साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. मनोरा टेकडीवर असेल तर पल्ला वाढतो, मध्ये उंचवटा असेल तर कमी होतो. दौंड तालुक्याच्या दक्षिणेला भुलेश्वरची डोंगररांग आहे. महामार्ग तिच्या कडेनं जातो, त्यामुळे काही ठिकाणी आवाज अचानक बसतो आणि दोन किलोमीटर पुढे गेल्यावर पुन्हा उठतो.

शिरूरमध्ये दोन स्टेशनं एकाच आकड्यावर कशी लागतात?

पुण्यात ९४.३ मेगाहर्ट्झवर एक खासगी स्टेशन आहे. अहिल्यानगरमध्येही ९४.३ वर दुसरं खासगी स्टेशन आहे. यात चूक काही नाही. दोन शहरं पुरेशी लांब असली की तोच आकडा पुन्हा वापरता येतो, देशभर तसंच केलं जातं. पुणे ते अहिल्यानगर अंतर सुमारे १२० किलोमीटर आणि शिरूर जवळपास मधोमध आहे.

एफएम रिसीव्हरचा एक गुण आहे. एकाच आकड्यावर दोन सिग्नल आले तर तो त्यांची खिचडी करत नाही. जो जास्त जोरकस असेल तो पकडतो आणि दुसरा दाबून टाकतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकात याला 'कॅप्चर इफेक्ट' म्हणतात. दोन्ही सिग्नल सारखेच अशक्त असतील तर रिसीव्हर एकदा हा, एकदा तो असं करत राहतो. गाडी पुढे सरकते, मध्ये एखादा ट्रक येतो, पुलाचा कठडा येतो आणि पारडं बदलतं. घोडनदीवर पुण्याचा आरजे बोलता बोलता नगरची जाहिरात ऐकू येते ती यामुळे. तुमचा रेडिओ बिघडलेला नाही, तुम्ही फक्त दोन शहरांच्या शिवेवर आहात.

मग महामार्गासाठीचा रेडिओ कुठे झाला?

अमेरिकेत लॉस एंजेलिस ते लास व्हेगास हा सुमारे ४३० किलोमीटरचा रस्ता आहे. त्याचा मोठा भाग मोहावे वाळवंटातून जातो. शुक्रवारी संध्याकाळी सगळं शहर व्हेगासच्या दिशेनं धावतं आणि रविवारी परत येतं. आपल्याकडे सलग सुट्ट्या आल्या की महाबळेश्वरच्या रस्त्यावर जे होतं तेच, फक्त बाजूला झाड नाही, गाव नाही आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर. लॉस एंजेलिसची स्टेशनं कहॉन खिंड ओलांडली की बुडतात. व्हेगासची लागेपर्यंत मध्ये अडीच-तीन तास शांतता असायची.

१९८० मध्ये या शांततेत 'हायवे स्टेशन्स' सुरू झाली. कल्पना साधी होती. रस्त्याकडेच्या उंच डोंगरांवर एकापेक्षा जास्त ट्रान्समीटर लावायचे आणि सगळ्यांवरून एकच कार्यक्रम सोडायचा. यर्मो या गावाच्या नावावर ९८.१ आणि एसेक्सच्या नावावर ९८.९. एका डोंगराची हद्द संपत आली की निवेदक दुसरा आकडा सांगणार आणि श्रोता बटण फिरवणार. पुढे रॉक ऐकणाऱ्यांसाठी त्याच रस्त्यावर 'द ड्राइव्ह' हे वेगळं स्टेशन आलं. तेही दोन आकड्यांवर, लेनवूडजवळ ९६.९ आणि बेकरजवळ ९४.९.

वाळवंटात जाहिरात कोण देतं?

खरी गंमत इथेच आहे. यर्मो, एसेक्स, बेकर ही अगदी छोटी वस्त्यांची नावं आहेत. तिथल्या रहिवाशांच्या भरवशावर रेडिओ चालवला असता तर पहिल्याच वर्षी टाळं लागलं असतं. अमेरिकेतही परवाना कुठल्यातरी गावाच्या नावावरच मिळतो. पण या स्टेशनांचा श्रोता त्या गावात राहत नव्हता, तो तिथून ताशी शंभर किलोमीटरनं पुढे जात होता.

जाहिरातदाराच्या नजरेनं पाहा. गाडीत बसलेला प्रत्येक जण एकाच शहराकडे निघाला आहे. आज रात्री त्याला खोली हवी आहे, जेवण हवं आहे, कार्यक्रमाचं तिकीट हवं आहे. तो किती तासांनी पोहोचेल हेही माहीत आहे. असा ग्राहक हॉटेलवाल्याला आणखी कुठे मिळणार? त्यामुळे गाण्यांच्या मध्ये व्हेगासमधली हॉटेलं, कॅसिनो, रस्त्यावरचे पेट्रोल पंप आणि खाण्याची ठिकाणं आली. त्यांच्या जोडीला वाहतूक कुठे अडली आहे, हवा कशी आहे, हेही आलं. श्रोता गाण्यासाठी नाही तरी त्या माहितीसाठी स्टेशन लावून ठेवायचा. स्टेशन टिकलं ते या दोन गोष्टींच्या जोडीवर.

रॉकच का?

लांबच्या सरळ रस्त्यावर डुलकी लागू नये म्हणून ठेका असलेलं, ओळखीचं संगीत चालतं. अमेरिकी चालकांच्या एका पिढीसाठी ते रॉक होतं, दुसऱ्यांसाठी कंट्री. त्यामुळे त्याच रस्त्यावर कंट्री संगीतालाही जागा मिळाली.

आपल्याकडे रॉकचा श्रोता आहे, पण तो मोठ्या शहरांत. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या संगीत महोत्सवाचं नावच एका महामार्गावरून पडलं, 'एनएच७ वीकेंडर'. गोव्यात इंग्रजी गाण्यांचं खासगी एफएमही चालतं. पण रात्री दोन वाजता कुरकुंभच्या चढावर मालट्रक चालवणाऱ्या माणसाच्या केबिनमध्ये काय वाजतं? पेन ड्राइव्हवरची शिंदेशाहीची गाणी, भीमगीतं, भक्तिगीतं, नव्वदच्या दशकातली हिंदी गाणी आणि ट्रक परराज्यातला असेल तर तेलुगू, कन्नड किंवा पंजाबी. इथला 'हायवे रेडिओ' त्या पेन ड्राइव्हशी स्पर्धा करणार आहे. तो रॉक असो की लोकगीतं, त्यात पेन ड्राइव्हमध्ये नसलेलं काहीतरी हवं. ते म्हणजे पुढच्या वीस किलोमीटरची खबर.

शिरूर-दौंडमध्ये अशी खबर कशाला हवी?

सर्वांत स्पष्ट उदाहरण १ जानेवारीचं. पेरणे इथल्या विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात आणि नगर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. अहिल्यानगरकडून पुण्याला निघालेल्या वाहनांसाठी ठरलेला एक पर्यायी मार्ग असा आहे : शिरूरजवळच्या न्हावरा फाट्यावरून न्हावरा, पारगाव, चौफुला आणि तिथून सोलापूर महामार्गानं यवत, हडपसर. म्हणजे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके त्या दिवशी एकाच रस्त्यानं बांधले जातात.

पण हा मार्ग उपयोगी पडायचा तर चालकाला तो न्हावरा फाट्याच्या आधी कळायला हवा. फाटा मागे पडला की पुढचा मोठा पर्याय थेट शिक्रापूरला, चाकणच्या बाजूनं. वर्तमानपत्रात आदल्या दिवशी बातमी येते, पोलिसांची सूचना सोशल मीडियावर फिरते. पुणेकराला ते माहीत असतं. संभाजीनगरहून किंवा नागपूरहून रात्रभर गाडी हाकत आलेल्याला मात्र ते कळण्याची खात्री नसते.

आषाढीच्या आधी संत तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंडला मुक्काम करत सोलापूर महामार्गावरूनच जाते. तेव्हाही वळणं बदलतात, तीही पालखीच्या चालीप्रमाणे रोज. गळीत हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दोन्ही तालुक्यांत उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. एकामागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मोळ्यांखाली झाकलेला. त्यात भीमा आणि घोड नदीच्या काठानं पहाटेचं धुकं. कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, रांजणगावात मोठमोठे कारखाने आहेत. त्यांचा माल याच दोन रस्त्यांनी जातो. एखादा टँकर उलटला तर मागच्या गाड्यांना काचा वर करा, थांबा, इकडून वळा, हे काही मिनिटांत सांगावं लागतं.

मागच्या हिवाळ्यात मी नगर रस्त्यावर पावणेदोन तास एकाच जागी होतो. नकाशावर रस्ता गडद लाल दिसत होता. का, आणि किती वेळ, ते कुठेच नव्हतं. शेवटी समोरच्या एसटीच्या वाहकानं खाली उतरून पुढे चौकशी केली आणि परत येऊन सगळ्यांना सांगितलं. त्या अर्ध्या किलोमीटरचा रेडिओ म्हणजे तो वाहक होता.

फोनमध्ये नकाशा असताना रेडिओ कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. नकाशाचं अ‍ॅप कोंडी दाखवतं, पर्यायी रस्ताही सुचवतं. पण तीन अडचणी आहेत.

पहिली, त्याला कारण कळत नाही. गाड्या हळू चालल्या आहेत एवढंच त्याला फोनच्या हालचालीवरून समजतं. पोलिसांनी दुपारी तीनपर्यंत रस्ता बंद ठेवला आहे की अपघात आहे आणि क्रेन निघाली आहे, हा फरक माणूसच सांगू शकतो. त्यावरच तुम्ही थांबायचं की वळायचं ते ठरवता.

दुसरी, स्क्रीनकडे पाहावं लागतं. रेडिओला फक्त कान लागतात.

तिसरी अडचण गर्दीची. मोबाइलवर प्रत्येकाला वेगळी जोडणी लागते. एकाच ठिकाणी हजारो लोक अडकले की नेटवर्क मंदावतं. प्रसारणाला हा त्रास नाही. एकानं ऐकलं काय किंवा लाखानं, ट्रान्समीटरला फरक पडत नाही.

आणीबाणीसाठी सरकारनं मोबाइलवर 'सेल ब्रॉडकास्ट'ची सोय आणली आहे. २०२३ मध्ये अनेकांच्या फोनवर मोठा आवाज करत चाचणी संदेश आला होता, तो हाच. तोही एकाच वेळी सगळ्यांना जातो. पण तो मोठ्या आपत्तीसाठी आहे. वरवंडला ट्रॉली उलटली म्हणून तो वाजणार नाही आणि वाजूही नये.

फोनवर एफएम ऐकता येत नाही का?

पूर्वी बहुतेक फोनमध्ये एफएम असायचा. इंटरनेट नसतानाही तो चालायचा आणि इअरफोनची वायर अँटेनाचं काम करायची. नंतर अनेक कंपन्यांनी ही सोय बंद केली किंवा दिलीच नाही, इअरफोनचं भोकही गेलं. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं फोन बनवणाऱ्यांच्या संघटनांना सूचना केली की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे तिथे ती बंद करू नये आणि जिथे नाही तिथे ती द्यावी. आपत्तीच्या वेळी रेडिओ हाताशी असावा, हे त्यामागचं एक कारण होतं.

तुमच्या फोनच्या अ‍ॅपमध्ये 'एफएम रेडिओ' शोधून पाहा. असेल तर एक वायरचा इअरफोन गाडीत टाकून ठेवा. खर्च फार नाही.

गाडीच्या रेडिओवरचं 'टीए' बटण कशासाठी असतं?

अनेक गाड्यांच्या स्टिरिओमध्ये 'एएफ' आणि 'टीए' अशी दोन अक्षरांची सेटिंग असतात. बहुतेकांनी त्यांना कधी हात लावलेला नसतो. ती 'आरडीएस' या युरोपात वाढलेल्या पद्धतीची आहेत. यात आवाजाबरोबर थोडी माहितीही लपवून पाठवली जाते. स्क्रीनवर स्टेशनचं नाव उमटतं ते यामुळेच.

'एएफ' म्हणजे पर्यायी आकडा. एकच कार्यक्रम अनेक ट्रान्समीटरवर असेल तर रेडिओ स्वतःच जास्त जोरकस आकड्यावर उडी मारतो. मोहावेच्या निवेदकाला जे तोंडानं सांगावं लागायचं ते इथे आपोआप होतं. 'टीए' म्हणजे वाहतुकीची सूचना. हे चालू ठेवलं तर तुम्ही पेन ड्राइव्हवर गाणी ऐकत असलात तरी वाहतुकीची सूचना सुरू होताच रेडिओ गाणं थांबवतो, सूचना ऐकवतो आणि पुन्हा गाण्यावर जातो. म्हणजे पेन ड्राइव्हशी स्पर्धाच उरत नाही. ही सोय आपल्या गाड्यांमध्ये विकत घेतलेली पडून आहे. तिला उपयोगी पडेल असं प्रसारणच महामार्गावर नाही.

फ्रान्सनं आणखी सोपा मार्ग काढला. तिथल्या टोल महामार्गांवर १०७.७ हा एकच आकडा ठेवला. रस्त्याच्या कडेनं ओळीनं छोटे ट्रान्समीटर, सगळे त्याच आकड्यावर. शेजारचे दोन ट्रान्समीटर एकमेकांना खरखर करू नयेत म्हणून त्यांची वेळ अतिशय काटेकोरपणे जुळवलेली असते. श्रोत्याला बटण फिरवावंच लागत नाही, आकडा मात्र रस्त्याच्या पाट्यांवर लिहिलेला असतो. अमेरिकेत रस्त्याकडेला १० वॅटचे छोटे मध्यम लहरींचे ट्रान्समीटरही असतात. काही किलोमीटरपुरती ध्वनिमुद्रित सूचना ते पुन्हा पुन्हा वाजवतात.

भारतात कोणी प्रयत्न केला आहे का?

झाला आहे, तोही राजस्थानकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दिल्ली-जयपूर महामार्गावर आकाशवाणीच्या मदतीनं प्रवाशांना रेडिओवरून रस्त्याची माहिती देण्याचा प्रायोगिक प्रकल्प राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं हाती घेतला होता. कल्पना इथलीच आहे, ती परदेशातून उचलायची गरज नाही. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांकही आहे. पण तिथे प्रवाशाला स्वतः फोन करावा लागतो. पुढे अडचण आहे हे माहीतच नसलेला माणूस फोन कशाला करेल?

मग इथे अडतं कुठे?

तंत्रापेक्षा परवान्याच्या रचनेत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. २००१ पासून खासगी एफएम सुरू झाले. पण त्यांचा लिलाव शहरानुसार होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७३० नव्या वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, तीही २३४ शहरांच्या यादीप्रमाणे. शहराच्या नावावर बोली लावणारा शहराच्या जाहिरातदाराकडेच पाहणार.

दुसरा मार्ग सामुदायिक रेडिओचा. २००६ च्या धोरणानं तो स्वयंसेवी संस्थांना खुला केला, शिक्षणसंस्था आणि कृषी विज्ञान केंद्रंही तो चालवू शकतात. शेजारच्या बारामतीत कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' याच पद्धतीची आहे. व्यक्ती, राजकीय पक्ष आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना हा परवाना मिळत नाही. ताकद साधारण १०० वॅट, अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत. हा पल्ला प्रत्यक्षात दहा-पंधरा किलोमीटरचा. २०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा तासाला १२ मिनिटांपर्यंत वाढवली गेली, त्यामुळे पैशांची ओढाताण थोडी कमी झाली आहे.

म्हणजे परवाना शहराला मिळतो किंवा समुदायाला. दौंड तालुक्यातून पाऊण तासात निघून जाणारा माणूस यातला कुणीच नाही. शिवाय खासगी आणि सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण इथे एक महत्त्वाची फट आहे. वाहतूक, हवामान, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याच्या सूचना यांना 'बातमी' मानलं जात नाही. त्या देता येतात. म्हणजे महामार्गाच्या रेडिओला जे सांगायचं आहे त्यातलं बरंचसं आजच्या नियमांत बसतं.

छोट्या स्टेशनचा महामार्गाला किती उपयोग?

गणित करून पाहू. चौफुल्याजवळ १२ किलोमीटर पल्ल्याचं सामुदायिक स्टेशन आहे असं समजा. महामार्गाचा २४ किलोमीटरचा तुकडा त्याच्या कक्षेत येईल. ताशी ८० च्या वेगानं हा तुकडा पार करायला १८ मिनिटं लागतात. दर दहा मिनिटांनी रस्त्याची खबर दिली तर जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वाट्याला ती किमान एकदा येईल.

असंच दुसरं स्टेशन शिरूरला असेल तर न्हावरा फाट्याच्या अलीकडेच नगरकडून येणाऱ्या चालकाला सूचना मिळेल आणि वळून चौफुल्याकडे येताना पुढची सूचना दुसऱ्या स्टेशनवरून मिळेल. यात मोठं तंत्रज्ञान काही नाही. हवेत ते तीन फोन : एक पोलीस ठाण्यातून, एक टोलनाक्यावरून, एक कारखान्याच्या ऊसवाहतूक विभागातून. आणि ते आले की माइक चालू करणारा एक माणूस, रात्रीही. हा रात्रीचा माणूसच सर्वांत महाग पडणार आहे.

राहिलेला वेळ गावाचा. शेतमालाचे भाव, कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, विहिरीची पातळी, शाळेचे निकाल. शिरूर आणि दौंड हे दोन्ही पर्जन्यछायेतले तालुके आहेत. कालव्याकाठी ऊस आणि कालव्यापासून लांब कोरडी माळरानं. पाण्याची खबर इथे गाण्याइतक्याच उत्सुकतेनं ऐकली जाते. परवाना गावासाठी आणि उपयोग गावाला व वाटसरूला, असं दोन्ही होऊ शकतं. यर्मो आणि बेकरच्या नावावर चाललेली स्टेशनं शेवटी हेच करत होती.

रांजणगाव, सिद्धटेकच्या भाविकांचं काय?

मोहावेला व्हेगास होतं, म्हणून जाहिरात होती. इथे काय आहे, असं कुणी विचारेल. नगर रस्त्यावर रांजणगावचा महागणपती आहे, दौंडहून भीमा ओलांडली की सिद्धटेक. अष्टविनायकाच्या गाड्या वर्षभर या दोन तालुक्यांतून फिरतात. चौफुल्याची कला केंद्रं, भिगवणची मासळी, रस्त्याकडेची मिसळ, पंक्चरची दुकानं, लॉज, पेट्रोल पंप हे सगळे जाहिरातदारच आहेत, फक्त आजवर त्यांच्याकडे लोखंडी फलकाशिवाय दुसरं माध्यम नव्हतं. ते लास व्हेगासइतके श्रीमंत नाहीत, पण १०० वॅटचं स्टेशन चालवायला तेवढी श्रीमंती लागतही नाही.

तोवर प्रवाशानं काय करावं?

पुण्याबाहेर पडताना स्टिरिओ एकदा एएमवर नेऊन पाहा. आकाशवाणी पुणे केंद्राची सुरुवात १९५३ मधली आणि तिचा मध्यम लहरींचा आकडा ७९२ किलोहर्ट्झ. या लहरी एफएमपेक्षा कितीतरी लांब, जवळपास ३८० मीटरच्या असतात. त्या जमिनीला धरून जातात, त्यामुळे डोंगर-उतारांना तितक्या अडत नाहीत. आवाज एफएमइतका गुळगुळीत नसतो, विजेच्या तारांखाली गुणगुणतो. पण जिथे एफएम संपतो तिथे मध्यम लहरी चालू राहू शकतात.

१ जानेवारी, आषाढी, गणेशोत्सव आणि सलग सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी पुणे ग्रामीण पोलिसांच्या वाहतूक सूचना वाचून निघा. नगरकडून येत असाल तर निर्णय न्हावरा फाट्याच्या आधी घ्या. राष्ट्रीय महामार्गावर अपघात किंवा बंद पडलेलं वाहन दिसलं तर १०३३ वर कळवा, जिवाचा प्रश्न असेल तर ११२ वर. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये अडथळा नोंदवायची सोय असते, तीही वापरा, पण शेजारी बसलेल्यानं.

आणि पुढच्या वेळी यवतच्या पुढे रेडिओ खरखरायला लागला की एकदा आजूबाजूला पाहा. त्या क्षणी महामार्गावरच्या शेकडो गाड्यांमध्ये रेडिओ आहे, वीज आहे, ऐकणारा माणूसही आहे. फक्त पलीकडून बोलणारं कुणी नाही.